सुग्रीवचे आदर्श खुराडे

उज्ज्वला पंचमीला माहेरी गेली, ती रागाने गेली आहे ही गोष्ट तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे सुग्रीवच्या, ध्यानात आली नाही. कारण पंचमीला सगळ्याच लेकी माहेरी जातात, आणि सणाला निघालेल्या बाईच्या पाठमोऱ्या चालीवरून राग व आनंद यांतला भेद ओळखणे भल्याभल्यांना साधत नाही. पुढे पोळा झाला. गौरी आल्या, त्या सासूने, म्हणजे साखराबाईने, एकटीनेच बसवल्या आणि एकटीनेच उठवल्या. शेजारची मंगल माहेराहून परत येऊन तिच्या बांगड्यासुद्धा जुन्या झाल्या. तथापि उज्ज्वलेचा पत्ता नव्हता. तेव्हा कोठे सुग्रीवने शिरूर कासारला सासऱ्यांना फोन लावला.

धुळाजींनी आधी पावसाची, मग शेरडांची आणि त्यानंतर जावयाच्या प्रकृतीची विचारपूस केली.

"समदं बरं हाय मामा," सुग्रीव म्हणाला. "पण उज्ज्वला कवा येती?"

"मी बी तेच इचारलं तिला. कावून आलीस, काय झालं? तर म्हणती, त्यास्नी ठावं हाय."

"मला?"

"तुमालाच. अन् ऐका जावईबापू, आमची टोळी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कारखान्याला निघती. तिच्या भावाला यंदा जोडी न्हाई. ती म्हणती, मीच येते कोयत्याला. एकदा ट्रॅक्टरात बसली की उन्हाळ्यापस्तोर म्हागारी न्हाई बघा."

ऊसतोडीला माणसे जोडीने जातात; एकाने तोडायचे, दुसऱ्याने मोळ्या बांधायच्या. बहीण भावाची जोडी होऊन गेली, तर त्यात निंद्य असे काही नव्हते. परंतु लग्न झाल्यापासून त्या दोघांनी कोयता हाती धरला नव्हता. चौसाळ्याजवळच्या त्या वस्तीवर थोडी जमीन, थोडी शेरडे आणि अंगणभर कोंबड्या यांवर त्यांचा संसार बेताने पण अब्रूने चालला होता. आता त्याची बायको कुठल्याशा परमुलखात, उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोपीत, थंडीवाऱ्याचे दिवस काढणार आणि तो येथे आईच्या हातची, एका बाजूने करपलेली भाकरी खात बसणार, हे चित्र त्याच्या डोळ्यांसमोर उभे राहिले.

"त्यास्नी ठावं हाय." या वाक्यावर त्याने गंभीरपणे चिंतन केले. आणि खरोखरच, त्याला ठावे होते. निदान त्याला तसे वाटले.

घडले होते ते असे. त्यांच्या घरामागे एक सपाट शिळा होती, तिला न्हाणी म्हणत. तिची एक बाजू घराच्या भिंतीची आणि उरलेल्या तीन बाजू दोरीवर टाकलेल्या जुन्या लुगड्यांच्या. संडास योजनेतून मिळाला होता व त्यात कडब्याची कुट्टी भरलेली होती. न्हाणीला मात्र योजना नव्हती. पंचमीच्या आदल्या सकाळी उज्ज्वला न्हात असताना सुग्रीवचा लाडका तुरेवाला कोंबडा, ज्याला तो कोतवाल म्हणे, भुंड्या कुत्र्याला भिऊन उडाला तो नेमका त्या दोरीवर जाऊन बसला. दोरी कुजलेली होती. कोंबडा, दोरी आणि तिन्ही लुगडी एकदमच खाली आली. समोर रस्त्यावर बीडला जाणारी काळीपिवळी जीप उतारूंसाठी थांबलेली होती आणि तिच्यात माणसे दाटीवाटीने बसलेली होती.

उज्ज्वलेने पडलेले लुगडे ओढून अंगाभोवती घेतले. सुग्रीव धावत आला. परंतु तो धावला तो कोंबड्याकडे. कोतवालाचा पाय दोरीत गुंतला होता. तो हळुवारपणे सोडवीत त्याने विचारले, "लागलं का रे, राजा?"

उज्ज्वला ओल्या केसांनी उभी राहून त्या दोघांकडे पाहत राहिली. मग एवढेच म्हणाली, "त्या कोंबड्याची तंगडी बघा तुमी. माझं काय, मी हायेच." दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ न्यायला आला आणि ती गेली.

सुग्रीवने या साऱ्या प्रसंगाचा सांगोपांग विचार केला आणि निष्कर्ष काढला की, दोष कोंबड्याचा आहे. कोंबड्या मोकाट हिंडतात, घरात शिरतात, पिठाच्या डब्यावर बसतात, रात्री बाजेखाली टोपलीवजा डालग्यात झोपतात. कोणती स्वाभिमानी स्त्री हे सहन करील? त्याने आपला निष्कर्ष आईला ऐकवला.

साखराबाई चुलीसाठी तुराट्या मोडीत होती. ती म्हणाली, "आरं येड्या, न्हाणीला चार पत्रे ठोक. पोर आपल्या पायानं येईल."

"आई, तू वरवरचं बघती," सुग्रीव शांतपणे म्हणाला. "लुगडं पडलं, हे खरं. पण पाडलं कुणी? कोंबड्यानं. मग मूळ कोण? कोंबडा. मूळ बंद केलं की फांदी आपोआप वाळती. मी कोंबड्यास्नी पक्कं खुराडं बांधणार हाय. आदर्श खुराडं."

साखराबाईने एक तुराटी मोडून दोन केल्या, दोनाच्या चार केल्या. नंतर ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "बांध बाबा. तुझंच बराबर असंल. पण जागा कुठली?"

"गोठ्याकडंला."

"तिथं लई चिखल असतो. त्या न्हाणीच्या शिळंवर बांध की. पाया आयता हाय."

आईच्या या व्यवहारबुद्धीचे सुग्रीवला कौतुक वाटले. "पण मग आपण न्हायचं कुठं?"

"मी म्हातारी, मला कोण बघतंय? तू विहिरीवर जा. आधी कोंबड्यांचं बघ."

येणेप्रमाणे न्हाणी मोडून तिच्या जागी खुराडे उभारण्याचा शुभारंभ झाला.

सुग्रीवने मोबाइलवर कुक्कुटपालनाचे पुष्कळ व्हिडिओ पाहून ज्ञान संपादन केले होते. खुराडे माणसाला उभे राहून झाडता येईल एवढे उंच असावे. जमीन पक्की असावी, तिला उतार असावा, म्हणजे धुतलेले पाणी साचत नाही. हवा वरून खेळावी. पुढे जाळीचे मोकळे अंगण असावे, ज्यात कोंबड्या दिवसभर पाय मोकळे करतील. ही सारी तत्त्वे त्याने चौसाळ्याच्या हमरस्त्यावर वेल्डिंगचे दुकान असलेल्या चाँदला समजावून सांगितली. चाँद आणि तो शाळेत एका बाकावर बसत व एकाच वर्षी शाळेबाहेर पडले होते. चाँदने आयुष्यात पानाच्या आणि चहाच्या टपऱ्याच बनवल्या होत्या. त्याने वस्तीवर येऊन शिळेचे माप घेतले आणि डोके खाजवले.

"ये देख सुग्रीव, खुराडं म्हणजे जाळीचं असतंय. चारी बाजूनं जाळी मार, खतम. पत्रा कशाला बे?"

"न्हाई. चारी बाजूनं पत्रा पाहिजे. जाळी फक्त वरच्या पट्टीला." सुग्रीवने आवाज खाली आणला. "आमची ती काळी खुडूक झालीय, अंड्यावर बसणार हाय. बसलेल्या कोंबडीवर परक्याची नजर पडली की अंडी वाया जातात. शेजारपाजारचे, रस्त्यानं जाणारे, कुणाकुणाची नजर. आतली कुणाला दिसता कामा नये. तिला बी काही लाज हाय का न्हाई?"

चाँदने सुग्रीवकडे पाहिले, मग ओट्यावर बसलेल्या साखराबाईकडे पाहिले. त्याचे ओठ हलायला लागले.

"चाँद, बाबा," साखराबाई म्हणाली, "तू तुझं वेल्डिंग कर. चहा टाकते."

चाँदने लोखंडी अँगल कापायला घेतले. अर्थात त्याने जे बनवायचे ते आपल्या हाताला सवय होती तसेच बनवले; म्हणजे पानटपरीच, फक्त पान लावायची खिडकी वगळून. चार अँगल, त्यांना ठोकलेला निळा पत्रा, डोक्यावर पन्हाळी पत्र्याचे छप्पर, वर हातभर रुंद जाळीची पट्टी. दार पुरुषभर उंचीचे. सुग्रीवने स्वतः सिमेंटचा कोबा केला, थापीने असा गुळगुळीत केला की त्यात आपले तोंड दिसावे. एका कोपऱ्याकडे उतार दिला आणि तेथून मोरीचा पाइप काढून केळीच्या बुडाशी सोडला. मध्येच साखराबाई काठी टेकत येई, वाकून पाही आणि एखादी सूचना करी.

"आतून एक कोनाडा ठेव रं."

"कोंबड्यास्नी कोनाडा कशाला?"

"अंडी ठिवायला. अन् एक खुंटी बी मार."

"खुंटी?"

"कोंबडीला उंच बसायला आवडतं. तुझ्या त्या मोबाइलात सांगत न्हाईत का?"

मोबाइलात खरोखरच सांगत असत. सुग्रीवने कोपऱ्यात विटांचा कोनाडा केला, खुंटी मारली आणि आईच्या अनुभवापुढे मनोमन नतमस्तक झाला. पुढे त्याने बाभळीच्या खांबांना जाळी बांधून अंगण केले. पण ते मात्र, खरे सांगावयाचे तर, जेमतेमच झाले, कारण तोवर त्याच्या उत्साहाचा मोठा भाग पत्र्यातच खर्ची पडला होता.

वस्तीवरची माणसे येता जाता थांबत. मंगलचा नवरा दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाला, "सुग्रीव, आमच्या घरात बी असलं दार न्हाई रं. तुझ्या कोंबड्या म्हणजे सरदारीणच की!"

"जनावराला बी अब्रू असती, दादा," सुग्रीव म्हणाला. आणि हे तो मनापासून म्हणाला. मंगल आपल्या दाराशी उभी होती. तिने एकवार त्या निळ्या पत्र्याकडे पाहिले, एकवार आपल्या नवऱ्याकडे, आणि घागर कमरेवर घेऊन ती निघून गेली.

खुराडे पुरे झाले तेव्हा घट बसले होते. सुग्रीवने दारावर हळदकुंकू लावले, नारळ फोडला आणि दिवस मावळताना कोंबड्या आत घालावयाचा समारंभ केला. परंतु कोंबडी हा प्राणी सवयीचा गुलाम आहे. त्या बाबतीत ती माणसापेक्षा निराळी नाही. आत टाकलेली ज्वारी त्यांनी मन लावून वेचली, वेचून संपताच एकेक करून बाहेर पडल्या आणि रांगेने घरात जाऊन बाजेखालच्या डालग्यापाशी उभ्या राहिल्या. कोतवाल छपरावर चढला. पन्हाळी पत्र्यावरून त्याच्या नख्या घसरू लागल्या, तेव्हा तो अपमानित होऊन खाली आला आणि तोही घरात गेला. सुग्रीवने त्यांना पुन्हा हाकलून आणले. त्या पुन्हा गेल्या. तिसऱ्या खेपेला साखराबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे आज. नवं हाय. चुना, सिमिटाचा वास येतो त्यास्नी." मग ती ओट्याच्या पलीकडे जाऊन फोनवर कोणाशी तरी बराच वेळ बोलत होती. सुग्रीवला एवढेच ऐकू आले, "दार बी हाय. खुंटी बी हाय."

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास काळीपिवळी थांबली आणि तिच्यातून आधी धुळाजी उतरले, मागून उज्ज्वला. तिच्या हातात कपड्यांची पिशवी होती. सुग्रीवला एवढा आनंद झाला की त्याने सासऱ्यांच्या पाया पडण्याऐवजी त्यांच्या हातातली खाऊची पिशवीच ओढून घेतली.

"आमी उभ्याउभ्या आलोत," धुळाजी म्हणाले. "गाडी म्हागारी येईपस्तोर. ही म्हणली, एकदा डोळ्यानं बघते अन् मग ठरवते. तिकडं टोळीच्या मुकादमाला मी जोडी सांगून बसलोय, जावईबापू. आज हो का न्हाई कळवायचंय."

सुग्रीव त्या दोघांना घरामागे घेऊन गेला. महिनाभर ज्या क्षणासाठी तो राबला होता तो क्षण समोर उभा होता. त्याने घसा साफ केला आणि खुराड्याची सारी वैशिष्ट्ये क्रमवार सांगण्यास आरंभ केला. उंची का, उतार का, पत्रा का. उज्ज्वला त्याचे ऐकत होती असे म्हणवत नाही. तिने दार ढकलले, आत पाऊल टाकले, कोब्यावर तळपाय घासून पाहिला. वर पाहिले, जाळीतून आभाळाचा तुकडा दिसत होता. भिंतींकडे पाहिले, कोठे भोकसुद्धा नव्हते. कोनाड्यात हात घातला, खुंटी हलवून पाहिली.

"पाणी कुठं जातं?" तिने विचारले.

"केळीच्या बुडाला."

"अन् ह्ये दार लागतं का?"

"लागतं की. ही बघ कडी." सुग्रीवने बाहेरची कडी अभिमानाने लावून दाखवली. उज्ज्वला आतच होती.

पत्र्यामागून तिचा आवाज आला, शांत, "मी आत असताना बाहेरून कडी लावायची का?"

सुग्रीवने घाईघाईने कडी काढली. ती दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसू नव्हते. त्याला तो चेहरा वाचता येईना. याच वेळी मंगल आणि तिच्या मागोमाग वस्तीवरच्या आणखी दोघी बायका उज्ज्वला आल्याचे कळून तेथे आल्या होत्या, आणि नवीन बांधकामाकडे त्या ज्या दृष्टीने पाहत होत्या ती कोंबड्यांच्या हिताची खचित नव्हती.

धुळाजींनी मनगटावरचे घड्याळ पाहिले. "मंग बाई? ऱ्हातीस का चलतीस?"

उज्ज्वलेने पदर खोचला. "त्यास्नीच इचारा बाबा. त्यांनी काय बांधलंय, ते त्यांच्या तोंडानं सांगू द्या. म्हंजी मला बी कळंल, कुणासाठी बांधलंय."

सगळ्यांनी सुग्रीवकडे पाहिले. जाळीच्या अंगणात काळी कोंबडी माती उकरत होती. कोतवाल मान वाकडी करून एका डोळ्याने आपल्या धन्याकडे पाहत होता. सुग्रीवच्या मनात महिनाभराचे सारे शास्त्र उभे राहिले: मूळ आणि फांदी, हवा आणि उतार. 'आदर्श खुराडे' हे दोन शब्द त्याच्या जिभेच्या टोकावर आले. तेवढ्यात त्याची दृष्टी उज्ज्वलेच्या हातातल्या पिशवीवर गेली. तिने ती अजून खाली ठेवलेली नव्हती. आणि अकस्मात, जसा डोक्यावर कोणी गार पाण्याचा तांब्या ओतावा, तसे त्याला कळले, रस्त्यावर थांबलेली ती जीप दिसली, ओले केस दिसले, आणि "लागलं का रे, राजा?" हे आपलेच शब्द आपल्याच कानांनी पहिल्यांदा ऐकू आले.

"न्हाणी," सुग्रीव म्हणाला.

"जरा मोठ्यानं," उज्ज्वला म्हणाली. "बाबास्नी कमी ऐकू येतं."

"न्हाणी हाय मामा! उज्ज्वलेसाठी बांधली!"

ओट्यावर साखराबाईला एकाएकी खोकला आला व तो बराच वेळ थांबेना. मंगल शेजारणीला कोपराने ढोसून म्हणाली, "बघ बाई! अन् आमचं ध्यान म्हणत होतं, कोंबड्यासाठी चाललंय. पुरुषाला पुरुषाचं चांगलं कधी दिसलंय का!" धुळाजींनी जावयाच्या पाठीवर थाप मारली. आपण लेकीला उगीच बोल लावला, असा जावई तालुक्यात नाही, असे ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरोखर ओलावले. सुग्रीवने मान खाली घातली. लोकांनी तो विनय समजला.

मग उज्ज्वलेने पिशवी खाली ठेवली.

धुळाजी जाण्याआधीच चाँदला फोन करून बोलावण्यात आले. तो फटफटीवर आला, आपल्या हातची कडी दाराच्या बाहेरून काढून आत कशी लावावयाची हे त्याने ऐकून घेतले आणि तो अत्यंत निरागस चेहऱ्याने म्हणाला, "खुराड्याला आतून कडी? तुझी काळी लई शिकलेली दिसती बे."

"मुकाट्यानं लाव," सुग्रीव दात आवळून म्हणाला.

"लावतो ना यार. वो मंगलभाभी भी पूछ रही थी, असलंच एक त्यांच्याकडं किती दिवसात होईल. पलीकडल्या दोघींनी बी माप घ्यायला सांगितलंय. त्यांचे नवरे तुला शोधतायत. शिव्या देतायत बहुतेक." त्याने कडी ठोकली, पुढेमागे सरकवून पाहिली आणि हत्यारे गोळा केली.

संध्याकाळी कोंबड्या नेहमीप्रमाणे रांगेने घरात आल्या. सुग्रीव त्यांना हाकलण्यासाठी उठला, पण उज्ज्वला चुलीपुढून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. आता कुठं जातील बिचाऱ्या? ती काळी बसलीय, तिच्यावर डालगं घाला. परक्याची नजर पडंल." ती हे कोणत्या भावनेने म्हणाली, याचा सुग्रीवने बराच विचार केला, पण आता विचारांवरचा त्याचा विश्वास थोडा उडाला होता, म्हणून त्याने मुकाट्याने डालगे घातले.

पहिले पाणी चुलीवर तापले होते. सुग्रीवने खांद्यावर टॉवेल टाकला, बादली उचलली आणि घरामागे गेला. निळ्या दाराला आतून कडी होती.

"कोण हाय?" आतून साखराबाई ओरडली.

"मी हाय आई."

"मग उभा ऱ्हा. माझ्यानंतर उज्ज्वलेचा नंबर हाय. ती बगर लाजता सावकाश न्हाणार हाय. तवर ते तुझं जाळीचं अंगण बघ, एका कडंनं पडाया आलंय."

सुग्रीवने बादली खाली ठेवली. जाळीचा खांब खरोखरच कलला होता. तो त्याच्याजवळ गेला, त्याच्या बुडाशी दगड ठोकू लागला, आणि ठोकता ठोकता, कोणी विचारलेच तर न्हाणीची ही कल्पना आपल्याला पहिल्यांदा केव्हा सुचली हे कसे सांगावे, त्याची जुळवाजुळव करू लागला.